वाळूखालचें पाणी

सुटी आणि प्रवास यांचा संबंध आजच्या वाचकाला जितका स्वयंसिद्ध वाटतो तितका तो आमच्या लहानपणीं नव्हता. मध्यम स्थितींतील वऱ्हाडी कुटुंबांत उन्हाळ्याची सुटी म्हणजे आजोळ, आणि आजोळ म्हणजे विहिरींतलें पोहणें, आंब्याची अढी आणि मामे-मावस भावंडांची मारामारी. जेथें ओळखीचें माणूस नाहीं, किंबहुना जेथें माणूसच फारसें नाहीं, अशा ठिकाणीं पदरचे पैसे खर्चून बायकामुलांसह जावें, ही कल्पना आमच्या गल्लींत दुसऱ्या कोणास सुचली नसती. आमच्या वडिलांस ती सुचली याचें कारण ते शाळेंत भूगोल शिकवीत.

या भूगोलाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. वडील नकाशा वाचीत तितक्या भक्तीनें कोणी पोथी वाचीत नसेल. आमच्या ओसरीच्या भिंतीवर अमरावती जिल्ह्याचा एक नकाशा असे, आणि त्याच्या वरच्या अंगाला हिरव्या रंगाचा जो रुंद पट्टा, तो मेळघाट. घाटांचा मेळ तो मेळघाट, ही व्युत्पत्ति आम्हांस अक्षरओळखीबरोबरच मिळाली. खंडू, खापरा, सिपना, गाडगा आणि डोलार या पांच नद्या त्या डोंगरांतून निघून शेवटीं तापीच्या पदरांत पडतात, हें आम्ही पाढ्यासारखें म्हणत असूं. यांपैकीं एकही नदी आम्हीं पाहिली नव्हती. वडिलांनींही पाहिली नव्हती, असें पुढें कळलें. १९७३ सालीं व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, त्याच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट आला, आणि वर्तमानपत्रांतून त्याचें नांव वारंवार दिसूं लागलें. आपल्या जिल्ह्यांतला वाघ परमुलखांतल्या लोकांनीं येऊन पाहावा आणि आपण मात्र तो भिंतीवरच्या हिरव्या रंगांत कल्पावा, हें वडिलांच्या मनाला लागून राहिलें होतें.

१९८१ च्या मे महिन्यांत आम्ही सारे निघालों. सारे म्हणजे वडील, आई, आम्ही आणि आठ महिन्यांची धाकटी बहीण. (प्रस्तुत लेखांत 'आम्ही' म्हणजे, मासिकाच्या जुन्या वहिवाटीप्रमाणें, लेखक एकटा, त्या वेळीं वय वर्षें ११. घरच्या मंडळींना त्यांत घ्यावयाचें असेल तेथें 'सारे' हा शब्द मुद्दाम घातला आहे. मराठींतील हें अनेकवचन कधीं कधीं लेखकाला त्याच्या लायकीपेक्षां अधिक गर्दी मिळवून देतें.)

चिखलदऱ्याच्या चार दिवसांविषयीं लिहिण्यासारखें फारसें नाहीं. सुमारें १,१०० मीटर उंचीवरचें तें गांव अमरावतीच्या भट्टींतून आलेल्या माणसाला स्वर्गासारखें वाटतें, आणि स्वर्गाप्रमाणेंच तेथें दुसऱ्या दिवसापासून करावयास कांहीं उरत नाहीं. कॉफीचीं झाडें पाहिलीं, कीचकाची दरी पाहिली. १८०३ च्या डिसेंबरांत आर्थर वेल्स्लीनें घेतलेल्या गाविलगडाच्या तटावर उभें राहून वडिलांचें एक व्याख्यान ऐकलें. पांचव्या दिवशीं सेमाडोहवरून कोलकासच्या विश्रामगृहांत जावयाचें होतें. तेथें घराच्या पायथ्याशीं सिपना वळण घेते असें वडिलांनीं वाचलें होतें, आणि पत्रव्यवहार करून दोन दिवसांची परवानगीही मिळविली होती.

त्यासाठीं एक जीप ठरविली. जीप म्हातारी होती आणि चालक तरुण. घाट उतरतांना दुपारीं तीनच्या सुमारास पुढच्या चाकाशीं कांहीं तरी मोडल्याचा आवाज झाला व गाडी रस्त्याच्या कडेला गुडघे टेकल्यासारखी बसली. चालक म्हणाला, "सर, मी वर जाऊन सामान घेऊन येतो. तुम्ही गाडीतच बसा." आईचेंही मत बसावें असेंच होतें. परंतु वडिलांनीं पिशवींतून नकाशा काढला होता.

"हा नाला पाहिलास?" ते आम्हांस म्हणाले. "हा उतरणार कोठें? सिपनेलाच. दुसरीकडे जाऊच शकत नाही. आणि सिपनेच्या काठी सेमाडोह. दीड तास, फार तर दोन."

"सर, नाल्यानं जाऊ नका," चालक म्हणाला. कां, तें त्यानें सांगितलें नाहीं आणि वडिलांनीं विचारलें नाहीं. विद्यार्थ्यानें उत्तर चुकल्यावर करीत तसें ते किंचित् हसले.

मेळघाटचें रान हें मुख्यतः सागाचें रान. पावसाळ्यांतलीं त्याचीं चित्रें पाहून ज्यांनीं त्याची कल्पना केली असेल त्यांनीं तें मे महिन्यांत अवश्य पाहावें. सागाला त्या दिवसांत पान नसतें; जीं पानें असतात तीं सारीं खालीं, सुपाएवढालीं, तपकिरी, आणि इतकीं वाळलेलीं कीं पाऊल टाकावें तर पापडांची चळत मोडल्यासारखा आवाज होतो. झाडें हजारों, पण सावली नाहीं. नाल्याच्या पात्रांतले काळे कातळ दिवसभर तापून संध्याकाळपर्यंत ती उष्णता माघारीं देत राहतात. हा सारा बेसाल्टचा मुलूख. वरून कोसळलेलें पाणी तो फार काळ जवळ ठेवीत नाहीं. श्रावणांत जेथें हत्ती वाहून जाईल तेथें वैशाखांत मुंगीचे पाय भिजत नाहींत. आमच्याजवळ पाणी होतें तें एका फिरकीच्या तांब्यांत. तें पहिल्या तासांतच संपलें.

वडिलांचा सिद्धान्त खोटा नव्हता, हें येथें सांगितलें पाहिजे. तो नाला सिपनेलाच मिळतो. परंतु नकाशावर जी रेषा बोटभर असते ती जमिनीवर किती वेळां मागें वळते हें नकाशा सांगत नाहीं. आणि मध्येंच एका जागीं नाला दोन पुरुष उंचीच्या कड्यावरून खालीं जातो, हेंही सांगत नाहीं. पाण्याला उडी घेतां येते. मूल कडेवर घेतलेल्या बाईला येत नाहीं. कडा टाळण्यासाठीं आम्ही सारे काठावर चढलों, करवंदीच्या जाळ्यांतून वाट काढीत पुष्कळ भटकलों, आणि पुन्हां पात्रांत उतरलों तेव्हां तो पहिलाच नाला कीं दुसरा, याविषयीं वडिलांसही खात्री उरली नाहीं. तसें ते बोलले नाहींत; पण नकाशा घडी करून पिशवींत गेला, तो पुन्हां बाहेर आला नाहीं.

बहीण प्रथम रडत होती, मग किरकिरत होती, मग गप्प झाली. आम्हांस बरें वाटलें. वाघ आवाजावर येतो असें आम्हांस वर्गांतल्या एका जाणत्या मुलानें सांगितलें होतें. प्रत्येक बांबूच्या बेटामागें आम्हांस पट्टे दिसत होते, आणि खरें सांगावयाचें तर त्या भीतींत एक प्रकारची चैनही होती. आई चालतां चालतां बहिणीच्या डोक्यावर तळहात धरून होती. उन्हासाठीं असेल असें आम्हांस वाटलें, पण ऊन तर केव्हांच डोंगरामागें गेलें होतें.

एकाएकीं आई थांबली.

"भांडं वाजलं," ती म्हणाली.

"दगड पडला असेल," वडील म्हणाले.

"भांडं वाजलं," ती पुन्हां म्हणाली, आणि पुढें चालूं लागली. आमच्या आठवणींत आई वडिलांच्या पुढें चालली ती ही पहिली वेळ.

दोन वळणें घेतल्यावर एक मोठें कहूचें झाड आलें. (इतरत्र याला अर्जुन म्हणतात, पाण्याच्या काठाखेरीज तें सुखानें नांदत नाहीं.) झाडाच्या खालीं, वळणाच्या बाहेरच्या अंगाला, वाळूंत दीड हात खोल खड्डा होता. एक म्हातारी त्याच्याशीं गुडघे टेकून बसली होती, आणि आमच्याच वयाची एक मुलगी घागरीच्या तोंडावर फडकें धरून उभी होती. म्हातारीच्या हातांत वाळलेल्या भोपळ्याची वाटी होती. खड्ड्याच्या तळाशीं जमलेलें पाणी ती हळूच वाटींत घेई, फडक्यावर ओती, आणि मग थांबे. वाळूंतून पुन्हां तितकें पाणी पाझरून येईपर्यंत थांबणें भाग होतें. याला झिरा म्हणतात. दोन तास आम्ही सारे ज्या वाळूवरून तहानलेले चालत होतों, तिच्याखालीं पाणी होतें.

वडिलांनीं हिंदींत विचारलें, "सेमाडोह कितना दूर है?" म्हातारीनें त्यांच्याकडे पाहिलें नाहीं. तिनें बहिणीकडे पाहिलें, मग आईकडे. आई कांहीं न बोलतां वाळूंत बसली व तिनें मूल मांडीवर आडवें घेतलें. म्हातारीनें आपल्या लुगड्याचा पदर वाटींत बुडविला आणि त्याचें टोंक बहिणीच्या ओठांशीं लावलें. किती वेळ गेला हें आम्हांस सांगतां येत नाहीं. पदर कोरडा झाला कीं पुन्हां बुडवावा, पुन्हां लावावा, असें चाललें होतें. कोणी बोलत नव्हतें. मग बहीण पदर चोखूं लागली.

नंतर आई प्याली, आम्ही प्यालों, आणि सर्वांच्या शेवटीं वडील प्याले. अर्धी भरलेली घागर रिकामी झाली. मुलीनें ती झटकली, फडकें पिळून पुन्हां तिच्या तोंडावर धरलें, आणि वाटी वाटी करून आरंभापासून भरणें सुरू झालें. अंधार पडत होता. रानांतल्या पाण्यावर अंधारांत माणसानें थांबूं नये, कारण मग दुसऱ्यांची पाळी असते, हें आम्हांस आज ठाऊक आहे. त्या दोघींना तें जन्मापासून ठाऊक होतें. तरी त्या घागर भरेपर्यंत थांबल्या. आम्हीं खड्ड्याकडे बोट केलें तेव्हां मुलगी म्हणाली, "डा." हा आमच्या आयुष्यांतला पहिला कोरकू शब्द. कोरकू भाषा मराठी-हिंदीच्या कुळांतली नव्हे, शेजारच्या गोंडीच्याही नव्हे. मुंडा कुळांतल्या भाषांपैकीं ती अगदीं पश्चिमेकडची.

त्यांची वस्ती काठावरच होती. समोरासमोर घरांच्या दोन सरळ ओळी, मधें झाडलेला रुंद रस्ता; कोरकूंचीं गांवें अशींच असतात. एका अंगणांत आम्हां सर्वांना खाटा मिळाल्या, कुटकीचा भात आणि पातळ वरण मिळालें. आई म्हातारीशीं वऱ्हाडींत बोलत होती व म्हातारी तिच्याशीं कोरकू-हिंदीच्या मिश्रणांत. दोघींचें सुरळीत चाललें होतें. वडील मात्र शुद्ध हिंदी बोलत होते व तें कोणास कळत नव्हतें. मध्यरात्रीच्या सुमारास नाल्याच्या बाजूनें सांबर ओरडलें. सांबराचा तो भोंग्यासारखा एकेरी आवाज ज्यानें ऐकला आहे त्याला त्याचें वर्णन नको, आणि ज्यानें ऐकला नाहीं त्याला तें करून उपयोग नाहीं. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा, तंबाखू मळतां मळतां, जणूं कोणी शेजारी घरीं परतला असावा अशा सुरांत म्हणाला, "कूला." कूला म्हणजे वाघ. वडील पहांटेपर्यंत खाटेवर बसून होते. त्यांचा हात आमच्या मनगटावर होता. आम्हांस धीर यावा म्हणून त्यांनीं तो ठेवला होता कीं आपणास यावा म्हणून, हा प्रश्न आम्हीं त्या रात्रींच सोडविला; उत्तर कोणास सांगितलें नाहीं.

सकाळीं पाऊण तासांत सडक लागली. निघतांना वडिलांनीं म्हातारीस १० रुपयांची नोट दिली. कादंबरींतले वनवासी अशा प्रसंगीं पैसे नाकारतात आणि शहरी पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी आणतात. या म्हातारीनें नोट घेतली, चार घड्या करून कनवटीला लावली, आणि ती कामाला लागली. आम्हांस तें तेव्हांही योग्य वाटलें व आजही वाटतें. कोलकासला पुढें दोन दिवस काढले. वानरें पाहिलीं, गव्याचीं पावलें पाहिलीं, सिपना पाहिली. सिपना हा कोरकूंत सागाचा शब्द, हें वडिलांना तेथल्या चौकीदाराकडून प्रथम कळलें आणि ते दिवसभर प्रसन्न होते.

या सहलीला आमच्या घरीं जी कीर्ति मिळाली ती सर्वस्वी वडिलांच्या कथनानें. पहिल्या वर्षीं त्या कथेंत सांबर ओरडत असे. पुढें वाघाची डरकाळी आली. आम्ही महाविद्यालयांत गेलों तोंवर अंगणापलीकडे दोन डोळे चमकूं लागले होते, आणि आमच्या विवाहप्रसंगीं व्याह्यांना जी आवृत्ति ऐकावयास मिळाली तींत वाघानें नाला ओलांडून आम्हां सर्वांकडे एकवार पाहिलें व मान वळविली. या वाढीबद्दल आम्हीं वडिलांस कधीं दोष दिला नाहीं. जो माणूस वाघासाठीं गेला त्याला एक वाघ मिळावा, यांत अन्याय तो काय? कथेंत झिरा होता, पण एका वाक्यापुरता. म्हातारी 'तेथील एक स्त्री' होती. मुलगी नव्हतीच. आईनें ही कथा शेंकडों वेळां ऐकली व एकदांही दुरुस्त केली नाहीं.

१९९३ च्या पावसाळ्यांत मेळघाटांतील बालमृत्यूंच्या बातम्या वृत्तपत्रांतून येऊं लागल्या. उपासमार, कुपोषण, अतिसार; मुलें एकामागून एक गेलीं होतीं, आणि मंत्री, अधिकारी, वार्ताहर यांच्या गाड्या त्याच घाटांतून उतरूं लागल्या होत्या. एके सकाळीं आई ती बातमी वाचीत होती. वडील घरांत नव्हते. ती वर्तमानपत्र घडी करीत म्हणाली, "तुझ्या बाबांना वाघ आठवतो. मला ही आठवते." ही म्हणजे बहीण. "रडायची थांबली होती ती. डोळ्याला पाणी नव्हतं. टाळू बोटभर खोल गेली होती. सारखा हात ठेवून पाहत होते. आणखी तासभर उशीर झाला असता तर…" वाक्य तिनें पुरें केलें नाहीं. थोड्या वेळानें म्हणाली, "ती म्हातारी सांगत होती, तिची दोन नातवंडं तशीच गेली, उन्हाळ्यात. पोट जाऊन. म्हणून तिला पाहताक्षणीच कळलं."

बारा वर्षें ही गोष्ट आईच्या पोटांत होती. ज्या रात्रीं आम्ही वाघाच्या भीतीचा आस्वाद घेत होतों त्या रात्रीं आमच्या शेजारीं, आमच्याच कुटुंबांत, दुसरी एक भीति चालत होती, आणि ती वाघापेक्षां पुष्कळ मोठी होती. तिला पट्टे नव्हते, डोळे नव्हते, म्हणून ती कोणाच्या कथेंत आली नाहीं.

आम्ही गेलीं अनेक वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकवितों. त्यांत निसर्गाची ओढ पुष्कळ आहे, आणि ती खरी आहे. परंतु वर्ड्स्वर्थचा निसर्ग ज्या परगण्याच्या नांवांतच सरोवरें आहेत तेथला. त्या काव्यांत पाणी खळाळतें, चमकतें, एकांताला साथ देतें. तें नसेल तर काय, हा प्रश्न कवीला पडत नाहीं. शिकारी ग्रंथकारांचें तसें नाहीं. कॅप्टन जेम्स फोर्सिथ याचें मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलुखावरील पुस्तक १८७१ चें. वडिलांनीं तें पारायण केल्याप्रमाणें वाचलें होतें. उन्हाळ्यांतल्या पाण्याचें महत्त्व अशा ग्रंथकारांना पूर्ण ठाऊक असतें, परंतु वाघाचा पत्ता म्हणून. या बाबतींत आमचे जुने वैद्य अधिक शहाणे म्हणावयाचे. त्यांनीं देशाचे प्रकारच पाण्यावरून केले: पाण्यानें भरलेला तो आनूप, उणें पाणी असलेला तो जांगल, आणि मधला साधारण. आपला 'जंगल' हा शब्द त्या जांगलाच्या घरचा. म्हणजे ज्या शब्दानें आज आपल्या डोळ्यांपुढें हिरवी दाटी उभी राहते, तो मुळांत कोरड्या भूमीचा शब्द आहे. मे महिन्यांतलें मेळघाट पाहिलेल्या माणसाला यांत कांहीं विरोध दिसत नाहीं.

त्या वस्तीचें नांव वडिलांनीं टिपून ठेवलें नाहीं, कारण तें नकाशावर नव्हतें. ती आज तेथें आहे कीं नाहीं, तें सांगतां येत नाहीं. या शतकाच्या आरंभीं बोरी, कोहा व कुंड हीं गांवें व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यांतून बाहेर वसविण्यांत आलीं, आणि पुढें इतरही कित्येक. २००८ पासून दर कुटुंबामागें १० लाख रुपयांची योजना झाली. रिकाम्या झालेल्या शेतांवर गवत आलें, गवतावर सांबर आणि गवा आले, आणि त्यांच्यामागून वाघ. हें चांगलें झालें असें आम्हांस वाटतें. त्याच वेळीं, जानेवारी २०१९ मध्यें, अकोटकडच्या बाजूला वसविलेलीं कांहीं कुटुंबें सोयी मिळाल्या नाहींत अशी तक्रार करीत जंगलांत परत गेलीं आणि तेथें संघर्ष झाला, हेंही आम्हांस विसरतां येत नाहीं. ज्याला वाळूखालचें पाणी ठाऊक आहे त्याला नळाच्या तोटीशीं नेऊन उभें केलें, आणि त्या तोटीला पाणी नसेल, तर त्यानें काय करावें?

त्याच वर्षीं वैशाखी पौर्णिमेला, १८ मे रोजीं, आम्हीं मेळघाटांत एका मचाणावर रात्र काढली. पाणवठ्यावर येणारीं जनावरें चांदण्यांत मोजण्याची वनखात्याची ही जुनी रीत, आणि फी भरली कीं आमच्यासारख्या हौशी माणसांसही तींत जागा मिळते. वडिलांस जाऊन तेव्हां बरींच वर्षें झालीं होतीं. बहीण दोन मुलांची आई झाली होती, तिला बरोबर चल म्हटलें तेव्हां ती म्हणाली, "मी एकदा जाऊन आले म्हणतात." रात्रभर सांबरें आलीं, रानडुकरें आलीं, पहांटे एक अस्वल येऊन बराच वेळ पाणी पिऊन गेलें. वाघ आला नाहीं. आमच्या यादींत त्याच्यापुढें शून्य आहे.

उजाडल्यावर वनमजुराबरोबर खालीं उतरलों. तो जवळच्याच गांवचा कोरकू, वय तिशीचें. आम्हीं त्याला झिऱ्याविषयीं विचारलें. आतां गांवांत हातपंप आहे, तो म्हणाला, पण तो मे महिन्यांत आटला कीं झिराच. मग तो आम्हांस नाल्याच्या एका वळणाशीं घेऊन गेला. कहूच्या झाडाखालीं वाळू ताजी उकरलेली होती. रानडुकराचें काम, त्यानें मुस्कटाच्या खुणा दाखविल्या. खड्ड्याच्या तळाशीं ओंजळभर गढूळ पाणी होतें आणि कडेला मधमाश्या बसल्या होत्या. आम्हीं त्याला आमचा एकमेव कोरकू शब्द म्हणून दाखविला. तो हसला. शब्द बरोबर आहे, म्हणाला, पण जीभ आणखी मागें घ्या, आणि त्यानें तो आमच्याकडून दोनदां म्हणवून घेतला.